पाचशे चाळीस फूट

३ फेब्रुवारी

नवं काम आलं म्हणून नवी वही काढली. आमचे गावच्या शाळेतले गुरुजी म्हणायचे, वहीचं पहिलं पान घाईत लिहू नये. म्हणून आधी देवासमोर दोन मिनिटं बसलो आणि मग लिहायला घेतलं.

काम असं आहे. आमच्या भांडारात जुन्या चित्रपटांची रिळं थंड खोल्यांत ठेवतात. मी ती तपासतो. रीळ उलगडायचं, खालून उजेड असलेल्या टेबलावरून फीत पुढे सरकवायची, कुठे फाटली, कुठे जोडली, कडेची भोकं किती तुटली, सगळं बघायचं आणि कार्ड भरायचं. कार्डावरचा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: फीत पूर्ण की अपुरी. बारा वर्षं हे करतोय. त्याआधी एका थिएटरात ऑपरेटर होतो. ते पाडलं.

आज मॅडमनी, म्हणजे भांडाराच्या प्रमुखांनी, पाच चित्रपटांची यादी दिली. पाचही आपापल्या काळी आपटलेले. एक अभ्यासक बाई ते नव्याने बघणार, त्यांच्यावर लिहिणार. मग समिती बसेल आणि पाचांतला एक निवडेल. त्याची पूर्ण दुरुस्ती होईल, कॉपी निघेल, लोकांना दाखवतील. उरलेले चार बाहेरच्या गोदामात, कारण थंड खोल्यांत जागा उरलेली नाही. बाहेरच्या गोदामात फीत किती टिकते ते मला ठाऊक आहे. तिथे तिला ठेवत नाहीत, सोडून देतात.

यादीत तिसरा ‘नेलकटर’.

हे त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव कादंबरीचंच होतं, पण ते कुणी घेत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा भोंगा (त्याचा आवाज तसा आहे) यादी बघून म्हणाला, “अरे वा, नेलकटर! मास्तर, तुझ्याच थिएटरला लागलेला ना हा?”

“लागला होता,” मी म्हटलं. “सहा दिवसांत उतरला.”

“बरंच झालं. सातव्या दिवशी लोकांनी पडद्याची नखं काढली असती.”

मी हसलो. खरं तर मला त्या चित्रपटाची कीव कधीच आली नाही. कादंबरी मी सातवीत असताना वाचली. शाळेच्या कपाटात चाळीसेक पुस्तकं होती, त्यातलं हे गुरुजींनी स्वतः काढून दिलं. बाप घड्याळं दुरुस्त करणारा. मुलगा भांडून घर सोडतो. बाप आजारी पडतो, मुलाला निरोप जातो, तो निघतो आणि दोन दिवस उशिरा पोचतो. बस, एवढंच. शेवटचं पान मला अजून पाठ आहे. चित्रपटवाल्यांनी त्याची माती केली. शेवटी तो मुलगा स्टेशनच्या बाकावर बसतो, खिशातून नेलकटर काढतो आणि ढसाढसा रडतो. का रडतो, कुणाला कळलं नाही. अख्खं थिएटर हसलं होतं. लेखिका प्रेक्षकांत होत्या. त्यांनी पुढे पेपरात लिहिलं, माझ्या पुस्तकाच्या शेवटाला लोक हसलेले पाहायला मी जिवंत राहिले. आता त्याही गेल्या.

५ फेब्रुवारी

अभ्यासक बाई आल्या. पस्तिशीच्या असतील. बोलणं भरभर, पण समोरच्याचं ऐकतात. येताना पाचही चित्रपटांच्या जुन्या परीक्षणांच्या प्रती घेऊन आल्या होत्या.

“मास्तर म्हणू ना तुम्हाला? सगळे म्हणतात म्हणून विचारलं.”

“म्हणा. शिकवलं कुणाला काही नाही.”

‘नेलकटर’बद्दल त्यांनी विचारलं, मी कादंबरी वाचलीय का. म्हटलं, वाचलीय, आणि चित्रपट वाईट आहे. त्या म्हणाल्या, “सगळे असंच म्हणतात. पण मला एक गोष्ट खटकते. दोन तास दहा मिनिटं हा दिग्दर्शक एकही वस्तू उगाच दाखवत नाही. घड्याळ, किल्ली, तेलाची बाटली, प्रत्येकीचा पुढे उपयोग. आणि शेवटी अचानक हा नेलकटर आकाशातून पडतो? असा माणूस इतका बावळट कसा होईल?”

मी म्हटलं, होतात माणसं.

एकच प्रिंट उरली आहे. मूळ निगेटिव्ह बंद पडलेल्या लॅबबरोबर गेली; बाकीच्या दोन प्रिंट कुठे लागल्याच नाहीत, भंगारात गेल्या. उरली ती आमच्या थिएटरला लागली होती तीच. डब्यावर थिएटरचा शिक्का अजून आहे.

७ फेब्रुवारी

आज रिळं घेतली. चौदा. अकरापर्यंत ठीक. रंग थोडे लालसर झालेत, बाकी तक्रार नाही.

बाराव्या रिळात सांधा सापडला. सांधे असतातच, फीत तुटते, जोडतात. पण हा तुटून जोडलेला नव्हता. बरोबर चौकटीच्या रेघेवर कापलेला, स्वच्छ. त्या काळी सांधा सिमेंटचा असायचा. ब्लेडने फितीवरचा थर खरवडायचा, सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. खरवडल्याचे ओरखडे नेहमी उजवीकडे कलतात. इथे डावीकडे कलले होते. आमच्या थिएटरात डावखुरा ऑपरेटर एकच होता.

मी हे विसरलो होतो असं नाही. आठवायला काही कारण पडलं नव्हतं.

प्रिंट सकाळी आली होती आणि दुपारी पहिला खेळ. मालक केबिनमध्ये येऊन म्हणाले, “लांब आहे. चार खेळ बसत नाहीत. पाच-सहा मिनिटं काढ.” तेव्हा हे नेहमीचं होतं. चित्रपट उतरला की काढलेला तुकडा परत जोडून प्रिंट पाठवायची, असा शिरस्ता. मी टेबलावर रिळं फिरवली, बल्बसमोर धरून बघितली. बाराव्या रिळात दिसलं की मुलगा वेळेवर पोचतो. बापाच्या खाटेशेजारी बसून त्याची नखं कापतो. कादंबरीत हे नाही. कादंबरीत तो पोचतच नाही. मी कापलं. सहा मिनिटं, पाचशे चाळीस फूट.

मग चित्रपट सहा दिवसांत उतरला, गडबडीत प्रिंट गेली, आणि तुकडा जोडायचा राहिला.

हे सगळं उजेडाच्या टेबलापाशी बसून आठवलं. भोंगा शेजारी डबा उघडून जेवत होता. म्हणाला, “मास्तर, भूत बघितलंस का?”

कार्ड भरलं. शेवटच्या रकान्यात ‘पूर्ण’ लिहिलं.

८ फेब्रुवारी

सकाळी प्रार्थनेत मन लागलं नाही. दोनदा सुरुवात केली.

१० फेब्रुवारी

स्वतःशी नीट विचार केला. तुकडा जोडला असता तरी चित्रपट वाईटच राहिला असता. मुलाला वेळेवर पोचवलं, म्हणजे गोष्टच मोडली. लोकांना रडू यावं म्हणून केलेली लबाडी. मी उलट कादंबरीची बाजूच घेतली. शिवाय हुकूम मालकांचा होता.

हे वाचायला बरं वाटतं. लिहिल्यावर मात्र पेन खाली ठेवता येईना.

११ फेब्रुवारी

अभ्यासक बाई टेबलाशी आल्या. हातात सेन्सॉरचा दाखला.

“मास्तर, दाखल्यात लिहिलेली लांबी आणि तुमच्या कार्डावरची लांबी यात पाचशे चाळीस फुटांचा फरक येतोय.”

मी फीत सरकवत राहिलो.

“मी खूप खूश झाले होते,” त्या म्हणाल्या. “वाटलं, सापडलं! काहीतरी गहाळ आहे. पण मग तुमचं कार्ड बघितलं. पूर्ण लिहिलंय. मॅडम म्हणाल्या, मास्तरांनी पूर्ण लिहिलं तर पूर्णच. मग दाखल्यातच चूक असणार, नाही का? तेव्हा आकडे कुणी कसेही टाकायचे.”

“असेल,” मी म्हणालो.

“मग माझ्याकडे मुद्दाच राहत नाही. समितीला सांगावं लागेल की शेवट फसलाय. चोवीस तारखेला बैठक आहे.” जाताना थांबल्या. “तुम्हाला चोरीचा माल सांभाळल्यासारखं होत असेल ना, आवडत्या कादंबरीचा हा असा चित्रपट रोज हाताळताना?”

त्यांनी साध्या मनाने म्हटलं. चोराच्या मनात चांदणं.

१४ फेब्रुवारी

तुकडा कुठे असेल ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आज हिला विचारलं, “ती माझी पत्र्याची पेटी कुठे गेली?”

“कुठली? ती आंबट पेटी?” ही म्हणाली. “माळ्यावर. लग्न होऊन आले तेव्हापासून तिचा वास येतोय. मला वाटायचं, सासरची लोणच्याची बरणी फुटली असेल आत. तीनदा टाकायला काढली, तीनदा तुम्ही परत ठेवलीत. काय आहे तिच्यात?”

“जुनं सामान.”

“अहो, जुनं सामान आपल्याकडे दोन खोल्या भरून आहे. त्याला वास नाही येत.”

फीत सडायला लागली की व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो. मी दिवसभर नाकाने हीच तपासणी करतो. आणि घरात पंचवीस वर्षं ती वास मारत होती, तर मी म्हणायचो, मला तर काही येत नाही.

१५ फेब्रुवारी

शनिवार. पेटी खाली काढली. हिनेच शिडी धरली. वर माझे ऑपरेटरचे ब्लेड, सिमेंटची सुकलेली बाटली, आणि खाली कापडात गुंडाळलेलं वेटोळं. कडा आकसून लाटांसारख्या झालेल्या, पण चिकटलेलं नाही. हातमोजे घालून दोन-तीन वळसे सोडले. चित्र आहे.

हिने सगळं काढून घेतलं. म्हणजे कसून काही विचारलं नाही, नुसती समोर बसून भाजी निवडत राहिली. मीच सांगत गेलो. शेवटी म्हणाली, “म्हणजे मुलगा बापाजवळ बसलाय, तेवढंच कापलंत?”

“कादंबरीत नाही ते.”

“हो, ते कळलं. कधीची गोष्ट ही? तुमचे बाबा गेले तेच वर्ष ना?”

“बाबा महिनाभर आधी गेले. मी गावाहून परत येऊन कामावर रुजूही झालो होतो.”

“बरं,” ती म्हणाली आणि भाजी घेऊन आत गेली.

बायकांचं हे असं असतं, दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधायची. बाबांचं वेगळं. दादाचा निरोप सोमवारी आला, जोडीदार ऑपरेटर रजेवर होता, मला बुधवारी निघता आलं. बाबा मंगळवारी गेले होते. कुणी मला बोल लावला नाही. मला त्या दिवसाचं फारसं आठवतही नाही. बाबांची नखं वाढली होती, एवढंच आठवतं. त्याचा इथे काही संबंध नाही.

१६ फेब्रुवारी

आज लिहिण्यासारखं काही नाही. तुकडा खिडकीपासून दूर, पंख्याखाली, कापडावर ठेवलाय. ही तीनदा त्याच्यावरून उडी मारून गेली. “पाहुणा कधी जाणार?” म्हणाली.

१७ फेब्रुवारी

गुरुजींची एक शिस्त होती. वहीत चूक झाली तर रबराने पुसायचं नाही, गिरवून काळं करायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, खालची चूक वाचता आली पाहिजे, आणि शेजारी बरोबर लिहायचं. म्हणायचे, “चूक लपवलेल्या वहीवर मी सही करत नाही.” चाळीस पोरांत एकाचीही वही त्यांनी या बाबतीत सोडली नाही.

देवही असंच काही म्हणत असेल. मला त्याचं बोलणं नेहमी गुरुजींच्या आवाजात ऐकू येतं.

बैठकीला सात दिवस.

१८ फेब्रुवारी

मॅडमच्या खोलीत गेलो. तुकडा डब्यात घालून नेला होता. टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच सांगितलं. कधी, कुणी, कार्डावर काय लिहिलं.

मॅडम आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नाहीत. आधी झाकण उघडून वास घेतला, झाकण लावलं. मग म्हणाल्या, “सत्तावीस वर्षांपूर्वीचं मी समजू शकते. तेव्हा सगळेच कापत होते. अकरा दिवसांपूर्वीचं कसं समजू?”

त्यांनी माझं कार्ड पुढे ओढलं.

“तुमच्या हातची किती कार्डं असतील?”

“अकराशेच्या वर.”

“ती आता सगळी पुन्हा तपासावी लागतील, मास्तर. एक खोटं निघालं म्हणजे बाकीची खरी आहेत हे मी कशावरून म्हणू?” आवाज जरासुद्धा चढला नव्हता. “आजपासून तुमच्या कार्डावर दुसरी सही लागेल.”

दुसरी सही भोंग्याची. त्याला कळल्यावर मला वाटलं, आता हा अख्ख्या इमारतीला ऐकवणार. पण तो जवळ येऊन त्याच्या मानाने अगदी हळू म्हणाला, “मास्तर, खाडाखोड केलीस तर छडी खाशील.” आणि आपल्या डब्यातला अर्धा भाग माझ्यापुढे सरकवला.

अभ्यासक बाईंना मॅडमनी बोलावून सांगितलं. त्या माझ्याकडे बघून काही बोलल्या नाहीत. नुसता दाखला घेतला आणि पाचशे चाळीसभोवती गोल काढला. त्यांचा राग मला कळतो. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी आपलं खरं खोडलं होतं.

बैठक आठवडाभर पुढे ढकलली आहे. तोवर तुकडा चालू करायचा.

२२ फेब्रुवारी

चार दिवस एकच काम. आकसलेल्या फितीची भोकं यंत्राच्या दातांना जुळत नाहीत, जबरदस्ती केली तर फाटते. एकेका तुटलेल्या भोकावर पारदर्शक पट्टी लावायची आणि हाताने नवं भोक पाडायचं. आज संध्याकाळपर्यंत चारशे अकरा भोकं झाली. डोळे चुरचुरतात. प्रार्थनेला बसलो तेव्हा मिटल्या डोळ्यांसमोरही भोकंच.

इतक्या जवळून बघताना नट छान वाटला. म्हातारा. त्याचा हात एकदा मुलाच्या हातात थरथरतो, सात चौकटींपुरता. कापताना हे दिसलं नव्हतं. कापताना मी माणसं बघितली नाहीत, कापायची जागा बघितली.

२५ फेब्रुवारी

आज तुकडा स्कॅनरवर चढला. हळू चालणारं यंत्र आहे, त्याचे नाजूक दात दुरुस्त केलेल्या भोकांत अलगद बसतात. मॅडम, अभ्यासक बाई, भोंगा आणि मी. पडद्यावर चित्र आलं. मग तंत्रज्ञाने आवाज जोडला.

इथे एक गोष्ट लिहायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ऑपरेटर चित्र कापतो तेव्हा आवाज ऐकत नाही. आवाज फितीच्या कडेला एक बारीक पांढरी नागमोडी रेघ असते, हातात धरून ती वाचता येत नाही. मी सत्तावीस वर्षांपूर्वी हे सहा मिनिटांचं दृश्य बल्बसमोर बघून कापलं. म्हणजे मी ते कधी ऐकलंच नव्हतं. मला दिसलं होतं: मुलगा पोचला, बापाजवळ बसला, समेट झाला.

आज ऐकलं.

मुलगा आत येतो. बाप त्याला ओळखत नाही. त्याला वाटतं, शेजाऱ्यांनी कुणी नखं कापायला माणूस पाठवलाय. मुलगा काही बोलणार, तेवढ्यात बाप हात पुढे करतो आणि म्हणतो, “नीट काप हां. माझा मुलगा यायचाय. त्याच्यापुढे असे हात नकोत.”

मुलगा दोन्ही हातांची नखं कापतो. बाप मधूनमधून विचारतो, “गाडी आली असेल का?” मुलगा म्हणतो, “यायची आहे अजून.” बाप डोळे मिटतो. मुलगा नेलकटर खिशात टाकतो.

बस.

तो वेळेवर पोचतो आणि तरीही पोचत नाही. कादंबरीत आहे तेच, पण लेखिकेलाही जे सुचलं नव्हतं अशा तऱ्हेने. मी ज्या पानाची बाजू घेतली, तेच पान कापून ठेवलं होतं.

भोंग्याने नाक शिंकरलं. इमारतभर ऐकू गेलं असेल. अभ्यासक बाई पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, “बघा. आकाशातून नव्हता पडला.”

२८ फेब्रुवारी

दिग्दर्शकांना मॅडमनी फोन केला होता. आज आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, काठी, पण कपडे कडक इस्त्रीचे. या चित्रपटानंतर त्यांनी दुसरा केला नाही. पुढे एका शाळेत चित्रकला शिकवली.

मॅडमनी आमची गाठ घालून दिली आणि बाहेर गेल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

“मी कधीच आत बसून बघत नसे,” ते म्हणाले. “त्या दिवशीही बाहेरच्या बाकावर होतो. मनात अंदाजाने मोजत होतो, आता बारावं रीळ, आता तेरावं. शेवटी हसण्याचा आवाज आला. मी उठून घरी गेलो.” काठीची मूठ दोनदा फिरवली. “पेपरांत नेलकटर नेलकटर म्हणून चेष्टा आली. मला वाटलं, लोक त्या म्हाताऱ्याला हसले. ‘मुलगा यायचाय’ म्हणतो, त्याला हसले. वाटलं, ज्या लोकांना याचं हसू येतं त्यांच्यासाठी काही करायचं नाही. सत्तावीस वर्षं मी लोकांवर रागावलो होतो, आणि लोकांनी ते बघितलंच नव्हतं.”

मी म्हटलं, माझी चूक झाली.

“झालीच,” ते म्हणाले. “तुम्ही कबूल केलीत म्हणून ती लहान होत नाही. माझं वय मला परत मिळत नाही.” मग म्हणाले, “हेच का कापलंत?”

“मालक म्हणाले, पाच-सहा मिनिटं काढ.”

“किती काढायचं ते मालकांनी सांगितलं. काय काढायचं ते तुम्ही ठरवलंत. चौथ्या रिळात गाणं आहे, तेवढ्याच लांबीचं. मला स्वतःला नको होतं ते. कुणीही गाणं कापलं असतं.”

“कादंबरीत हे दृश्य नव्हतं.”

“गाणंही नव्हतं.”

त्यांनी आणखी विचारलं नाही. जाताना दारात म्हणाले, “भोकं तुम्ही पाडलीत म्हणे. चारशे?”

“सातशे वीस.”

“हं,” म्हणाले आणि गेले.

१ मार्च

दादाला फोन केला. आम्ही महिन्यातून एकदा बोलतो, तब्येत आणि पीकपाणी. आज बोलणं संपत आल्यावर विचारलं, “दादा, बाबांची शेवटी नखं वाढली होती, आठवतं?”

“काय काढलंस रे हे मध्येच?”

“सहजच.”

“वाढली असतील. वहिनीने एकदा कापायला घेतली होती. पण बाबा सारखे दाराकडे बघायचे, हात स्थिर ठेवीनात. मग राहिलं ते. सगळ्यांचे डोळे तुझ्या वाटेकडे, नखांकडे कोण बघणार?”

“हो.”

“बोल लावत नाहीये रे मी.”

“माहीत आहे.”

फोन ठेवल्यावर ही समोरच होती. मागे मी इथे लिहिलं की दोन वेगळ्या गोष्टींची मोट हिने बांधली. त्या वाक्यावर आता एक सरळ रेघ मारली आहे.

३ मार्च

समितीची बैठक झाली. अभ्यासक बाईंनी चित्रपट डोक्यावर घेतला नाही, हे मला आवडलं. स्पष्ट सांगितलं की मध्य रेंगाळतो, पार्श्वसंगीत जास्त आहे, गाणं नको होतं. “पण आपण जो चित्रपट फसला म्हणतो तो कुणी बघितलेलाच नाही,” म्हणाल्या. तीन विरुद्ध दोन मतांनी निवडला. दुसऱ्या क्रमांकाचा चित्रपटही चांगला होता. तो आता गोदामात जाईल. त्याचं कार्ड मीच भरलं होतं, ‘पूर्ण’. ते खरं आहे.

५ एप्रिल

आज छोट्या प्रेक्षागृहात पहिला खेळ. साठ खुर्च्या, पन्नासेक माणसं. मी केबिनमध्ये गेलो नाही, हीच म्हणाली, “आज तरी आवाज ऐकू येईल असं बसा.” आम्ही मागून दुसऱ्या रांगेत. दिग्दर्शक आमच्या मागे, दाराशेजारच्या खुर्चीवर, काठी दाराला टेकवून. कधीही उठून जाता येईल अशी जागा.

चौथ्या रिळातल्या गाण्याला माणसं चुळबुळली. एक जण बाहेर जाऊन आला. बाराव्या रिळाला कुणी हललं नाही.

मग स्टेशनचा बाक. खिशातून नेलकटर. पुढच्या रांगेतून एक हसू आलं, खुदकन, तरुण मुलीचं असावं. पण ते पुरतं हसू झालंच नाही, मध्येच त्याचं काहीतरी वेगळं झालं आणि ती रुमाल शोधू लागली. मी मागे वळून बघितलं नाही. काठी उचलल्याचा आवाज आला नाही. दार उघडल्याचाही नाही.

ही अंधारात माझा हात हातात घेऊन बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “तुमचीही वाढलीयत.” घरी आल्यावर मी हात पुढे केला. तिने कापली.

७ एप्रिल

मॅडमनी ‘नेलकटर’चं कार्ड परत दिलं. दुरुस्तीनंतर नवं भरायचं असतं, जुनं फाडून टाकतात. मी विचारलं, जुन्यावरच लिहिलं तर चालेल का. म्हणाल्या, नियमात तसं नाही, पण त्याच्याविरुद्धही नाही.

शेवटच्या रकान्यात माझं ‘पूर्ण’ होतं. त्यावर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: ‘अपुरी होती. रीळ बारा, ५४० फूट, मी कापले. आता मी जोडले.’ खाली सही केली आणि तारीख घातली.

भोंग्याने कार्ड हातात घेतलं, नाकापुढे धरून दोनदा वाचलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता माझ्या सहीखाली आपली सही केली.